शी-आओ बंदरातला सात नंबर

९ ऑक्टोबर

पुन्हा बसला! रोज बसतोय म्हणे.

लू सकाळी माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. हातात चहाचा ग्लास, तोंड उतरलेलं. "सू-युन ताई, शी-आओ बंदरातला राउटर. आपोआप बंद पडतो, आपोआप चालू होतो. मच्छीमार संघवाले ओरडतायत." म्हटलं, नवा द्या की! "नवा डिसेंबरात येईल. तोवर टिकवायचाय. आणि ताई... तो सात नंबर आहे."

सात नंबर! मला वाटलं होतं ते सगळे केव्हाच वितळवून झाले.

लू माझा साहेब. सात नंबरचं मॉडेल आम्ही बनवलं तेव्हा हा शाळेत होता. "त्याच्या आतलं आता कुणाला कळतं? तुम्हीच जा." महिनाअखेर माझी निवृत्ती. जाता जाता स्वतःच्याच हातच्या मशीनचं दुखणं बघायचं. बरंय.

उद्या सुट्टी आहे तरी निघते.

१० ऑक्टोबर

बोगद्यातून बाहेर पडलं की समुद्र दिसतो, तेव्हा अजूनही जीव हलका होतो. आमच्या शिंचू शहराचा वारा मागे राहिला.

संघाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर रेडिओची खोली. तिथे लिआओ काकी. सत्तरीच्या असतील. बोटींशी वायरलेसवर बोलतात, म्हणजे शिव्याच देतात. मला बघून म्हणाल्या, "एवढीशी बाई पाठवली? मी म्हटलं चार माणसं येतील!" मग लगेच, "खाल्लंस का?" आणि माशाच्या गोळ्यांचं सूप समोर.

मशीन कपाटात. राखाडी डबा, कडा गंजलेल्या, खाऱ्या हवेनं स्क्रू पांढरे पडलेले. हात लावला. गरम. मला एकदम रडू येईल असं वाटलं. छे! डब्याला बघून कोण रडतं?

वर हिरव्या पाकिटातला 'शहाणं बाळ' खाऊ ठेवलेला. तो ठेवला की मशीन शहाण्यासारखं वागतं, हे आमच्याकडे झाडूवाल्यालाही ठाऊक. उलटून तारीख बघितली. दोन वर्षांपूर्वीच संपलेली. काकी म्हणाल्या, "बघ! मग बसेल नाहीतर काय!" दुकानातून नवं पाकीट आणून ठेवलं. हसू नये, पण ठेवलं.

११ ऑक्टोबर

बंद का पडतो, हे त्याला स्वतःलाच आठवत नाही. पुन्हा चालू झाला की आतली नोंद पुसलेली. म्हणून माझा लॅपटॉप तारेनं जोडून ठेवला. पडताना शेवटचं जे बोलेल ते माझ्याकडे उतरेल.

तोवर वीज तपासली. बंदरात सगळ्यांचं मत एकच: वीज. बर्फाच्या कारखान्याची मोटर सुरू झाली की दिवे मंद होतात. पॉवर सप्लाय बदलला, पंखा साफ केला. पंख्यात माशांचे खवले!

दिवसभर चालला. काकींनी पाठ थोपटली.

१२ ऑक्टोबर

बसला.

भर लिलावात. भावाचा फलक काळा, खरेदीदारांचा आरडाओरडा, एकानं तर बांगड्याची टोपली आपटली. धक्क्यावर खलाशी फोन हातात धरून उभे. मधेच तुटलेले चेहरे. बहुतेक सगळे जावा बेटावरचे. दिवसचे दिवस समुद्रात, मग थोडे दिवस बंदर, आणि त्यात घरच्यांशी बोलायला संघाचं हे फुकट वायफाय. काकी खिडकीतून खाली ओरडल्या, "थांबा रे, बाई बघतेय!" बाई काय बघतेय!

पण लॅपटॉपवर उतरलं. वीज नाही. पहारेकरी.

पहारेकरी म्हणजे मशीनमधलं छोटं घड्याळ. प्रोग्रामनं त्याला ठरल्या वेळी हाक द्यायची: मी जिवंत आहे, मी जिवंत आहे. हाक आली नाही तर तो समजतो प्रोग्राम मेला, आणि सगळं मशीन पुन्हा सुरू करतो. म्हणजे आत काहीतरी अडकतंय. दुखणं विजेचं नाही, आमचं आहे.

सोबत आकड्यांची रांग. मरताना प्रोग्राम कुठे होता त्याचा ठावठिकाणा. पण तो वाचायला त्या वेळच्या मूळ फायली हव्यात. लूला फोन केला. "ताई, जुना सर्व्हर गेल्या वर्षी रिकामा केला."

फायली कुणाकडे असतील, ठाऊक आहे. उद्या बघू.

१३ ऑक्टोबर

फोन उचलून तीनदा खाली ठेवला. छप्पन्न वर्षांची बाई!

फान क्वो-लिआंग. आम्ही तिघं होतो: थांगदादा, फान आणि मी. बारा वर्षं एका खोलीत. कंपनीनं सात नंबर बंद केला त्या दिवशी फान खुर्चीवरून उठला, जेवणाचा डबा घेतला आणि गेला. "आपली बारा वर्षं भंगारात घातली यांनी," एवढंच बोलला. नंतर थांगदादांच्या अंत्यविधीत दिसला, पाठमोरा. आता शिनपूला वडिलांच्या वाडीत पर्सिमनची फळं सोलून वाळवतो, असं ऐकून होते.

शेवटी लावला.

"कोण?"

"सू-युन."

मागे वाऱ्याचा आवाज. मग, "मी सोलतोय. हात चिकट आहेत. बोल."

सांगितलं. सात नंबर, शी-आओ, पहारेकरी.

"अजून चालू आहे?"

"एकच उरलाय."

"मग मरू दे त्याला." फोन बंद.

रागानं धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. तासाभरानं त्याचाच फोन. "आकडे वाच." वाचले. "परत वाच, सावकाश. तू नेहमीच धावत वाचतेस." फायली फेकल्या नाहीत म्हणे. गोदामात, सुपांच्या मागे, जुना कॉम्प्युटर अजून आहे.

१४ ऑक्टोबर

आज मशीन पडलं नाही. बोटी बाहेर आहेत. आठवणी मात्र एकावर एक येतायत.

स्कूटर दुरुस्तीच्या दुकानावरची ती खोली. खालून ऑइलचा वास, खिडकीतून वारा, कागद उडू नयेत म्हणून त्यावर नट-बोल्ट. दुपारी जेवण झालं की दिवे बंद, टेबलावर उशी, अर्धा तास झोप. थांगदादा घोरायचे. फान एकदा त्यांच्या घोरण्यावर घड्याळ लावून म्हणाला, "पहारेकऱ्याची हाक अशी पाहिजे, कधी न चुकणारी!" दादा डोळे मिटूनच म्हणाले, "ऐकतोय मी."

डब्यातला डुकराचा तुकडा दादा नेहमी मला द्यायचे. "मुलीला भूक जास्त लागते, ती कोड जास्त लिहिते." फान कुरकुरायचा. मग स्वतःचं अंडंही माझ्याच डब्यात टाकायचा.

आमच्या मशीनवर आमचं नाव कधीच नव्हतं. आम्ही बनवायचो, विकणारे आपापली नावं चिकटवायचे. पेट्या बंद होऊन जहाजावर जायच्या. कुठे, ते आम्हाला कुणी सांगायचं नाही. दादा म्हणायचे, "मुलगी दिली आणि पत्ताच घेतला नाही, अशी गत." हसायचो. त्यात हसण्यासारखं काय होतं कुणास ठाऊक!

१५ ऑक्टोबर

समुद्राची देवी माझू, तिच्या देवळात जाऊन आले. काय मागायचं सुचेना. राउटर, म्हटलं. पुजारी चमकून बघायला लागला. मोठ्यानं बोलले असणार.

१६ ऑक्टोबर

बोटी आल्या. बसला.

जिन्यावर एक खलाशी नुसता बसून होता. वार्सितो. जावातल्या तेगल गावचा, नऊ वर्षं इथे आहे, काकींशी त्यांच्याच बोलीत भांडतो. मला विचारलं, "ताई, रविवारी नेट राहील ना?"

"रविवारी काय?"

मुलीचं लग्न. रतीहचं. बापानं काझीला स्वतःच्या तोंडानं सांगायचं असतं, माझ्या मुलीचं लग्न लावण्याचा अधिकार मी तुम्हाला देतो. व्हिडिओवर चालेल, असं काझीनं कबूल केलंय. पण चेहरा दिसला पाहिजे. आवाज तुटता कामा नये. "मी घर सोडलं तेव्हा ती एवढी होती," म्हणाला, आणि उठून हात छातीच्या उंचीवर धरला.

काकी आतून म्हणाल्या, "तुझ्या मालकाला सांगितलंय मी, रविवारी बोट काढलीस तर वायरलेसवर तुझी बायकोसमोर लाज काढीन."

नेट राहील, असं मी बोलून बसले.

१८ ऑक्टोबर

फानचा फोन. मागे बायकांच्या गप्पा, सोलण्यांचा आवाज. "सापडलं. पत्त्यांचा तक्ता."

जो फोन वायफायला येतो त्याचा पत्ता, म्हणजे त्याची ओळख सांगणारा आकडा, मशीन एका तक्त्यात लिहून ठेवतं आणि चार तास जपतं. तक्ता थांगदादांनी मापून बांधलेला. बंदरं, शाळा, गोदामं सगळ्यांना पुरून उरेल एवढा. तो भरला की प्रोग्राम त्याच्या बाहेर लिहायला जातो, अडकतो, आणि पहारेकरी त्याला उडवतो.

"पण भरेल कसा?" मी म्हटलं. "एवढी माणसंच नाहीत इथे!"

"माणसं मोज."

खरंच मोजली. धक्क्यावर माणसं होती त्याच्या कितीतरी पट पत्ते तक्त्यात! फान म्हणाला, शक्य नाही. मी म्हटलं, दिसतंय ना समोर. तो म्हणाला, तू धावत वाचतेस. मी म्हटलं, तू पर्सिमन सोल!

तेवढ्यात वार्सितो आला. त्याला म्हटलं, वायफाय बंद कर, चालू कर. त्यानं केलं, आणि तक्त्यात नवी ओळ! फोन तोच, माणूस तोच, पत्ता नवा. परत केलं, परत नवी ओळ.

बघतच राहिले. आताचे फोन आपला खरा पत्ता सांगतच नाहीत! कुणी माग काढू नये म्हणून प्रत्येक खेपेला खोटा. आणि हे आमचं भोळं मशीन प्रत्येक खोटा पत्ता जपून ठेवतंय.

फानला सांगितलं. त्यानं मला पुन्हा सांगायला लावलं. मग एकदम हसायला लागला. पंधरा वर्षांत ते हसू ऐकलं नव्हतं. "दादांना कसं सुचणार गं? त्यांच्या वेळी फोन खोटं बोलत नव्हते."

चार तासांची पाच मिनिटं केली. पत्ते लवकर गळून जातील. तात्पुरतं औषध.

१९ ऑक्टोबर

चाललंय. दिवसभर. पण रेडिओवर वादळाचा इशारा. काकी सगळ्या बोटींना परत बोलावतायत. "या रे माझ्या लेकरांनो, या रे गाढवांनो!" एका दमात दोन्ही.

२० ऑक्टोबर

वादळ. काही लिहिवत नाही. काच फुटली.

२१ ऑक्टोबर

सकाळी वारा पडला. टेकडीवरचा मोबाईलचा टॉवर आडवा. कुणाच्याच फोनला सिग्नलची रेघ नाही. संघाची तार जमिनीखालून, जनरेटर चालू. म्हणजे अख्ख्या बंदरात बाहेरच्या जगाशी बोलायचा एकच रस्ता: सात नंबर.

आणि बंदर तुडुंब! शेजारच्या बंदरांच्या बोटीसुद्धा आसऱ्याला इथेच. बोटीला बोट लागलेली, चालत पलीकडे जावं अशी. सगळ्यांना एकच सांगायचं: आम्ही जिवंत आहोत. सगळे एकाच वेळी.

बसला. उठला. बसला. पाच मिनिटांचं औषध कुठे पुरणार! उठायला लागतो तेवढ्या वेळात दुप्पट माणसं जमा. वार्सितोनं इस्त्री केलेला बाटिकचा सदरा काकींच्या कपाटात टांगला. उद्यासाठी.

काकींच्या जुन्या तारेच्या फोनवरून फानला लावला. "पक्का इलाज कर. दुसरं काही नाही."

"करतोय. तक्ता भरला की सगळ्यात जुना पत्ता बाहेर, नवा आत. एवढंच. चार ओळी." मग, "सू-युन, त्या मशीनमध्ये नवा प्रोग्राम कुणी किती वर्षांत घातलाय? चिप जुनी आहे. घालताना दगा दिला तर उठणारच नाही."

"ठाऊक आहे."

"मग उद्याच्या लग्नाला उरलंसुरलं नेटही राहणार नाही. आता निदान थोडा वेळ चालतो तरी."

"ठाऊक आहे रे!"

काकी ऐकत होत्या. म्हणाल्या, "त्यालाच विचार." वार्सितोला. विचारलं. समजावून सांगितलं सगळं. तो म्हणाला, "काझी वाक्य मधेच तुटलं तर धरत नाही, ताई. अर्धं नेट असून माझा काय उपयोग? घाला."

२२ ऑक्टोबर, रविवार

सगळं क्रमानं लिहून काढते.

सकाळीच फाननं फाईल पाठवली. मशीन मधे न पडता ती एकदा पुरती यावी म्हणून काकींनी खिडकीतून सगळ्या बंदराला दटावलं: "वायफाय बंद! ज्याचा चालू दिसेल त्याचा फोन समुद्रात!" आणि बंद केले की हो सगळ्यांनी! शेकडो माणसं, कुणी ओळखीचं नाही, कुणाला काय चाललंय माहीत नाही, फोन खिशात घालून गप्प उभी.

फान तारेच्या फोनवर. "घाल."

"नाही उठला तर?"

"नाही उठला तर मी माझा घेऊन येतो."

"तुझा? कुठला?"

"पहिला. चाचणीचा. जाताना जेवणाच्या डब्यात घालून नेला होता."

ज्या दिवशी भंगार म्हणाला होता, त्या दिवशी! बटण दाबलं.

दिवा लाल. लाल. लाल. वार्सितो सदरा घालून, काळी टोपी चढवून दारात. काकींच्या ओठांवर माझूचं नाव. फान पलीकडून सेकंद मोजत होता.

हिरवा!

मी नुसतं "फान" म्हटलं. तो म्हणाला, "कळलं."

काकींनी खिडकीतून हात हलवला आणि सगळे फोन एकदम बाहेर आले. तक्ता भरत गेला, भरला. जुना पत्ता बाहेर, नवा आत. चालतोय! चालतोय!

अकराला तेगलचा मांडव पडद्यावर. रतीह पांढऱ्या कपड्यात, डोळे खाली. काझीनं विचारलं. वार्सितो ताठ बसला, कोरडं खाकरला, आणि एका दमात बोलला. मला भाषा कळत नाही. पण वाक्य कुठे संपलं ते कळलं, कारण तिकडे सगळ्यांचे हात वर गेले आणि इकडे जिन्यावर उभे असलेले सगळे खलाशी एकदम काहीतरी म्हणाले. रतीहनं तेव्हा वर बघितलं. पडद्याला हात लावला तिनं.

वार्सितो रडला नाही. काकी रडल्या. वर म्हणाल्या, "वादळात डोळ्यात मीठ गेलंय."

तारेचा फोन अजून चालूच होता. फानला म्हटलं, ऐकलंस? तो म्हणाला, "सगळं ऐकलं." मग, "पर्सिमन पावसात भिजायला लागलेत, ठेवतो."

२३ ऑक्टोबर

नाही पडला.

२६ ऑक्टोबर

परत शिंचू. नाही पडला. लू म्हणाला, "ताई, तुमचा इलाज कंपनीच्या वेब पानावर चढवून ठेवतो. कुणाला लागला तर." म्हटलं, कुणाला लागणार बाबा? एकच तर होता, तोही डिसेंबरात जाणार. "असू दे. जागा कुठे खाणारे?"

त्यात दोघांची नावं घाल म्हटलं. तिघांची, खरं तर. थांगदादांचं पहिलं.

३१ ऑक्टोबर

केक. फुलं. ऑफिसच्या दाराचं कार्ड परत केलं. माझ्या मुलांच्या वयाची पोरं टाळ्या वाजवत होती. कपाटात निघालं काय: उशी, मग, जुने नट-बोल्ट मूठभर.

४ नोव्हेंबर

शिनपूला जाऊन आले. शेवटी.

अंगणभर सुपं, सुपांवर सोललेले नारिंगी पर्सिमन, वर तो कोरडा वारा. फान म्हातारा झालाय. मीही झालेच असेन, तो काही बोलला नाही. त्याच्या बायकोला जाऊन आठ वर्षं झाली. मला ठाऊकच नव्हतं.

जेवताना त्यानं अंडं माझ्या वाटीत टाकलं. विचारलंही नाही.

मशीनविषयी बोललो. तो म्हणाला, "चांगलं झालं. शेवट तरी नीट झाला. डिसेंबरात काढतील ना? काढताना कळव मला." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं. "आपण लिहिलेलं सगळं संपलं, सू-युन. संपतंच. फळांचं बरं असतं, दर वर्षी परत येतात."

दोघं मिळून संध्याकाळपर्यंत पर्सिमन उलटले.

९ नोव्हेंबर

लूचा फोन. "ताई, ऑफिसात या." म्हटलं, कार्ड नाही माझ्याकडे. "मी खाली घ्यायला येतो. याच."

इलाजाच्या पानाखाली पत्रं. फिलिपाइन्समधला फेरीबोटीचा धक्का. पेरूतली डोंगरावरची शाळा. मोरोक्कोतलं एक इस्पितळ. डब्यावर कुणाकुणाची नावं, आतून सात नंबर! सगळ्यांचं म्हणणं एकच: आमचाही रोज पडतो, आम्हाला वाटलं हा जगातला शेवटचाच, तुमच्यापैकी कुणी अजून आहे का?

फानला लावला.

"सोलतोय."

"ठेव खाली."

वाचून दाखवली. सावकाश. एक झालं, दुसरं झालं, तिसरं. पलीकडे स्टूल ओढल्याचा आवाज. मग म्हणाला, "किती आहेत?"

"अजून येतायत."